एकविसाव्या अक्षवृत्तावरचे गुरुजी

तिसरीच्या पोरांना ‘भूगोल’ या नावाचा विषय नसतो. तो परिसर अभ्यासाच्या पोटात येतो, आणि तिसरीचं हे पुस्तक आपल्या राज्यात जिल्ह्यागणिक वेगळं निघतं. अमरावतीच्या पोरांनी आधी अमरावती जिल्हा शिकायचा, चौथीत महाराष्ट्र, मग देश, आणि जग त्याच्याही नंतर, सवडीनं. डी.एड.ला आमच्याकडून ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकून घेतलं होतं. जवळचं ते ज्ञात आणि लांबचं ते अज्ञात, हे त्यात गृहीतच धरलेलं. माझ्या प्रत्येक पाठ टाचणात ते सूत्र असे. भातकुलीला नेमणूक झाली तेव्हा शेजारच्या वर्गावर जे गुरुजी होते त्यांनी एकदा माझं टाचण वाचलं, वही मिटून माझ्या हातात दिली आणि विचारलं, “मॅडम, तालुका कोनी पाह्यला हाय?”

मी नुसती बघत राहिले.

“पोराले घर दिसते, वावर दिसते, नदी दिसते. मंग एकदम समुद्र दिसते, टीव्हीत का होईना. मधातला तालुका, जिल्हा, विभाग कोनालेच दिसत नाही. थे कचेरीतल्या कागदावर असते. आन् पुस्तक मनते, हे जवळचं हाय.”

या गुरुजींचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर फोन करून रागावतील. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता गावी असतात, तुरीची शेंग पोखरणाऱ्या अळीवर आणि सरकारवर सारख्याच जिव्हाळ्यानं बोलतात. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत गेली, मधल्या भिंतीला वरच्या बाजूला झरोका होता आणि त्यातून त्यांचा अख्खा तास मला ऐकू यायचा. माझी मुलं पाढे लिहीत असायची आणि मी झरोक्याखाली उभी. डी.एड.ची पदविका सरकारनं दिली, धंदा त्या झरोक्यानं शिकवला.

गुरुजी बिडी ओढत नसत, तरी खिशात आगपेटी कायम. पहिला नकाशा तिच्यातून निघायचा. शाळेच्या फाटकापासून हनुमानाच्या देवळापर्यंत पोरांनी पावलं मोजत जायचं, दहा पावलांना एक काडी मुठीत धरायची, आणि वर्गात येऊन त्या काड्या फरशीवर ओळीनं मांडायच्या. रस्ता वळला की काडी वळवायची. विहिरीच्या जागी बाटलीचं झाकण, पाण्याच्या टाकीच्या जागी उभा खडू, चक्कीच्या जागी तुरीचे दाणे. अर्ध्या तासात गाव फरशीवर. मग भांडण. एका लांबटांग्या पोराच्या देवळापर्यंत बावीस काड्या व्हायच्या, बारक्या पोरीच्या एकतीस. देऊळ तर एकच. मग खोटं कोण बोलतंय? पोरं हमरीतुमरीवर यायची. मी झरोक्यातून म्हणायची, “गुरुजी, आवरा त्यांना.” ते म्हणायचे, “भांडू द्या. भांडल्याबगर मोजमाप जन्माले येत नाही.”

भांडण पुरेसं शिजलं की कपाटावरून दोर खाली यायचा. सुताचा, पिळाचा, बोटाएवढा जाड. दर तीन फुटांवर गाठ आणि एकंदर लांबी ३३ फूट. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. वऱ्हाडातल्या पोराला एकर हा शब्द आईच्या दुधाबरोबर मिळतो, पण एकर म्हणजे केवढं ते विचारलं तर तो हात पसरतो. गुरुजी मैदानावर चुन्यानं एक गुंठा आखायचे आणि सगळा वर्ग त्यात उभा करायचे. “असे चाळीस.” एक मुलगी हिशेब करत राहिली आणि म्हणाली, “आमचं दोन एकर हाय. म्हंजे असे ऐंशी? आन् बाबा एकटेच डवरतात?” त्यावर कोणी काही बोललं नाही. त्या दिवशी प्रमाण या गोष्टीवर वेगळा पाठ घ्यावा लागला नाही.

गाव नकाशाची एक प्रत गुरुजींनी पटवाऱ्याकडून मिळवली होती. रेघांचं जाळं, प्रत्येक घरात नंबर, नाल्याची नागमोडी रेघ, पांदणीच्या दोन समांतर रेघा. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना हा कागद कळेल असं मला वाटलं नव्हतं. पण सात-बारा हा वऱ्हाडातल्या घराघरात देवघराच्या खालोखाल जपलेला कागद. पीक कर्जाच्या वेळी तो घरात दहा वेळा वाचला जातो. एका पोराला बापाच्या वावराचा गट नंबर तोंडपाठ होता. त्यानं बोट फिरवत नेलं, नाल्याशी थांबला, परत मागे आला आणि एकदम ओरडला, “ह्ये पाहा! हाच धुरा! इथंच काकाशी भांडन हाय!” नकाशावरची रेघ कोर्टापर्यंत जाते हे त्या वर्गाला सातवीच्या पोरांपेक्षा आधी ठाऊक होतं.

भिंतीवर नकाशा टांगायला गुरुजींचा विरोध होता, आणि तो मला आधी हट्ट वाटायचा. वर्गातला भारताचा नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर होता. म्हणजे पोरं दक्षिणेकडे तोंड करून बसायची आणि समोरच्या कागदावर वरची बाजू उत्तर. पोरं शिकायची काय, तर उत्तर म्हणजे वर, छताकडे. हिमालय वर, म्हणून नद्या वरून खाली वाहतात. पण आमची पेढी नदी तर मावळतीकडे जाते! गुरुजी नकाशा उतरवायचे, फरशीवर पसरायचे, उत्तर उत्तरेला येईल असा फिरवायचे आणि चार कोपऱ्यांवर चपला ठेवायचे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. “भितीवर टांगला का नकाशा मरते, जमिनीवर ठेवला का जित्ता होते.” मग एकेकानं भातकुलीच्या जागी उभं राहायचं आणि हात करून सांगायचं: मुंबई तिकडं, नागपूर इकडं, दिल्ली पाठीमागं. हाताची दिशा आणि बाहेरच्या जगाची दिशा एक झाली की पोराच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून उमटत नाही. मी आजही नकाशा भिंतीला लावत नाही. मुख्याध्यापक कुरकुरतात, कारण वर्गसजावटीचे गुण असतात.

दिशा कोणाला आधीच पक्क्या येतात, याचाही गुरुजींना शोध असे. वर्गातल्या दोन मुस्लिम मुलांना पश्चिम डोळे मिटूनही दाखवता यायची. घरी रोज आजोबा तिकडे तोंड करून नमाज पढायचे. मेंढ्या घेऊन येणाऱ्या धनगरांच्या पोरांना चांदण्यांवरून उत्तर कळायची. अशा पोरांना गुरुजी पुढे उभं करायचे. एरवी ही पोरं मागच्या बाकावरची.

पुराणातून नकाशा काढणं ही त्यांची खास खोड. भातकुली म्हणजे जुनं भोजकट, अशी आमच्याकडची परंपरा. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, वर्धेच्या काठी. अंबादेवीच्या दर्शनाला ती अमरावतीला आली आणि तिथून कृष्णानं तिला रथात घेतलं. भाऊ रुक्मी मागे धावला, हरला. ‘बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडण्यपुरात पाऊल ठेवणार नाही’ असा पण केलेला, म्हणून परत न जाता त्यानं इथेच भोजकट वसवलं. ही गोष्ट भातकुलीच्या पोराला शाळेत येण्याआधीच माहीत असते. गुरुजी फक्त खडूनं तीन ठिपके काढायचे. कौंडण्यपूर, अमरावती, भातकुली, तिन्ही जवळजवळ एका रेघेत, उगवतीकडून मावळतीकडे. “आता सांगा, कृष्ण कोन्या दिशेनं पयत होता?” रेघ तशीच लांबवली की जरा उत्तरेला द्वारका. पोरं टाळ्या वाजवायची, जणू त्यांनीच रथ शोधून काढला. भोजकट नेमकं हेच गाव की दुसरं, तो वाद पंडितांनी घालावा. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट अचलपूरजवळच्या चमकला सापडला आणि त्यात चर्मांक हे गाव मधुनदीच्या काठी, भोजकट राज्यात असल्याचं लिहिलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीही गावाचा पत्ता नदी आणि राज्य सांगूनच द्यावा लागत होता, हे गुरुजींना फार आवडायचं.

भातकुलीला आदिनाथांचं दिगंबर जैन मंदिर आहे आणि तिथे लांबलांबून यात्रेकरू येतात. गुरुजींनी ते गाड्यांच्या नंबरप्लेटांचं वाचनालय करून टाकलं. आमची एमएच २७. अकोल्याची ३०, यवतमाळची २९, नागपूरची ३१. एखाद दिवशी एमपी, जीजे, आरजे, कधी थेट केए. पोरं वहीत नोंदवायची आणि आल्यावर त्या त्या राज्याच्या अंगावर खडा ठेवायची. एकदा ड्रायव्हरानं कौतुकानं विचारलं, “पोलीस हो क्या?” तर एक पोरगा म्हणाला, “नाही, तिसरी ब.”

पाण्याचा नकाशा पावसाळ्यात काढायचा. पेढीला पूर आला की शाळा अर्धी रिकामी, कारण पोरं पूर बघायला गेलेली. गुरुजी त्यांच्या मागे जायचे. पाणी कुठे चाललं, हा प्रश्न काठावर उभं राहून विचारला की त्याला वेगळं वजन येतं. पेढी पूर्णेला मिळते. पूर्णा अकोला, बुलडाणा करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीत जाते. पुढे हतनूरचं धरण, भुसावळ, प्रकाशा, उकाई आणि सुरत. सुरतेजवळ खंभातच्या आखातात समुद्र. गुरुजी हे गावाहून गाव घेत सांगायचे, एसटीचा कंडक्टर थांबे सांगतो तसे. पेढीच्या काठचं वलगाव आलं की थांबायचे. तिथे पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. पोरं हात जोडायची आणि पाणी पुढे चालू लागायचं. कागदाची होडी सोडून एकानं विचारलं होतं, “गुर्जी, माह्यी होडी दिवाळीले सुरतेत पोचीन?” गुरुजी गंभीरपणे म्हणाले, “उकाईत अडकीन. धरन हाय तिथं. पन पानी पोचीन.”

यातला मला स्वतःला मिळालेला धक्का वेगळाच. मी अमरावतीहून येजा करायची. एकदा बसमध्ये गुरुजींनी विचारलं, “मॅडम, तुमच्या नळाले पानी कुठचं?” सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचं. वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते, गोदावरी बंगालच्या उपसागरात. “आन् तुमच्या मोरीचं पानी?” अंबा नाल्यातून पेढीत. म्हणजे अरबी समुद्रात. आमच्या घरात सकाळी एका समुद्राचं पाणी येतं आणि भांडी घासून झाली की दुसऱ्या समुद्राकडे निघतं. जलविभाजक हा शब्द मी परीक्षेत लिहून पास झाले होते. तो आपल्या मोरीतून जातो हे एसटीत कळलं. तेव्हापासून नळ उघडताना कधीकधी हसू येतं, आणि अंबा नाल्याकडे बघताना येत नाही.

खाऱ्या पाण्याचा विषय भातकुलीत टाळता येत नाही. पूर्णेच्या खोऱ्याचा हा खारपाणपट्टा. गाळाचा शेकडो फूट जाड थर, त्यात मुरलेलं मीठ, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. समुद्र शिकवताना कोकणातल्या पोराला लाटा सांगाव्या लागत नाहीत, आमच्या पोराला चव सांगावी लागत नाही. “समुद्राचं पानी कसं असते?” असं विचारलं की सगळा वर्ग एका आवाजात, “हिरीवानी!”

आता पृथ्वीगोलाबद्दल. १९८७ पासूनच्या खडू-फळा योजनेत देशभरच्या प्राथमिक शाळांना शैक्षणिक साहित्य आलं. त्यात नकाशे आले, पृथ्वीगोल आले. पुष्कळ शाळांत ते डेडस्टॉक रजिस्टरवर चढले आणि कपाटात गेले. फुटला तर भरून कोण देणार? गुरुजींनी आपला गोल कपाटातून काढला, रजिस्टरवर लाल शाईनं ‘वापरात’ असं लिहिलं आणि सही केली. पोरांनी तो इतका हाताळला की प्रशांत महासागराचा निळा रंग उडून खालचा पांढरा दिसू लागला.

त्या गोलावर भातकुली दाखवायची म्हणजे काय करायचं? एका मुलीनं कपाळावरची टिकली काढून दिली. २१ अंश उत्तरेच्या जरा खाली, साडेसत्त्याहत्तर अंश पूर्वेच्या जरा पुढे गुरुजींनी ती चिकटवली. मग पोरांना विचारलं, या टिकलीखाली काय काय दडलं? बारा इंची गोलावर एक मिलिमीटर म्हणजे साधारण ४२ किलोमीटर. टिकली पाच मिलिमीटरची. म्हणजे दोनशे किलोमीटरचा गोल तिच्याखाली. अमरावती गेली, अकोला गेलं, यवतमाळ गेलं, वर्धा गेलं, मेळघाट गेला. “मामाचं गाव?” गेलं. “पूर्णा?” तिचं अर्धंअधिक अंग गेलं. पोरं खोखो हसत होती, आणि एक पोरगा रडवेला झाला कारण त्याचं सगळं गणगोत एका टिकलीखाली गेलं. गुरुजींनी त्याला गोलाजवळ बोलावलं, टिकली अलगद उचलून दाखवली. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. एवढ्या लहान गोलावर अमरावतीचं नाव मावत नाही. “म्हून मोठा नकाशा लागते,” तो पोरगाच म्हणाला.

मग गुरुजी टिकलीपासून सुताचा एक दोरा पश्चिमेला घ्यायचे, २१ व्या अक्षवृत्तावरून, आणि पोरांनी तो धरून गोल फिरवायचा. सुरत लगेच येते. मग समुद्र. ओमान. सौदी अरेबिया, आणि दोऱ्याच्या जरा वर मक्का. तिथे त्या दोन मुलांपैकी एकाचं बोट नेमकं थांबलं, त्याचे आजोबा हजला जाऊन आले होते. तांबडा समुद्र ओलांडला की सुदान आणि मग सहाराच सहारा: चाड, नायजर, अल्जीरियाची शेपटी, माली, मॉरिटेनिया. पोरांना कंटाळा येईपर्यंत वाळू. अटलांटिक. क्यूबा. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावरचं मेरिदा शहर, जवळपास आमच्याच अक्षांशावर. पुन्हा समुद्र, सगळ्यात लांबलचक, आणि त्याच्या मधोमध हवाईची बेटं. चीनचं दक्षिण टोक, व्हिएतनामचं हनोई, लाओस, म्यानमार, बंगालचा उपसागर, ओडिशा, रायपूर, नागपूर, आणि बडनेऱ्याचा वास यायला लागतो तोवर दोरा टिकलीला परत. त्या वर्षी ज्या पोरांना जिल्ह्याचे चौदा तालुके सांगता येत नव्हते त्यांना हे सगळं क्रमानं येत होतं. रस्त्यात भेटलेल्या पाहुण्यालाही ऐकवायची.

प्रश्न मग आपोआप फुटायचे. सगळ्यांवर ऊन सारखंच तिरपं पडत असेल, तर सहारात वाळू आणि हनोईत भात काऊन? आणि आपल्याकडे पऱ्हाटी काऊन? गुरुजी उत्तर लगेच देत नसत. दोन दिवस टांगून ठेवायचे. मग सांगायचे की ऊन अक्षांशावर ठरतं, पाऊस वाऱ्यावर. वाळवंटावर कोरडी हवा वरून खाली बसते आणि ढग धरू देत नाही. आपल्याकडे जूनमध्ये समुद्रावरचा वारा ओलावा घेऊन चढतो. “मृग लागला का आपन आभाळाकडं पाह्यतो. सहाराले पाह्यनंच माहीत नाही.” हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं ढिलं आहे, पण तिसरीला पुरतं.

मेरिदात आत्ता काय चाललं असेल, हा वर्गाचा आवडता खेळ. आपल्याकडे दुपारचे बारा, तिथे रात्रीचे साडेबारा. मधली सुट्टी झाली की कुणीतरी ओरडायचं, “मेरिदातले पोट्टे झोपले!”

काठीच्या सावलीचा प्रयोग पुस्तकातही असतो. गुरुजी तो डिसेंबरात करत, ऊन सोसवतं म्हणून. मैदानात काठी रोवायची, सावलीच्या टोकाला खडा ठेवत जायचं. सगळ्यात आखूड सावली बारा वाजता पडेल अशी पोरांची खात्री. ती पडते बारा-वीसच्या सुमारास. घड्याळ खराब नाही. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं आहे आणि आपण त्याच्या जवळजवळ पाच अंश पश्चिमेला, दर अंशाला चार मिनिटं. एवढा हिशेब तिसरीला झेपत नाही. पण घड्याळातले बारा आणि भातकुलीचे बारा वेगळे आहेत, एवढं पोरं घरी घेऊन जातात आणि आजीला सांगतात. आजी म्हणते, ते तर मला माहीतच होतं.

कापसाच्या पाठाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो गुरुजींनी वरच्या वर्गांसाठी ठेवला होता. वावरातून बंडीनं जिनात, जिनातून बडनेरा, रेल्वेनं मुंबई, तिथून जहाजानं लिव्हरपूल. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या मालाला अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणत. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला तसा जहाजाचा रस्ता आफ्रिकेला वळसा न घालता सरळ झाला. हे गोलावर बोटानं करून दाखवलं की कालवा कशाला खोदतात ते वेगळं सांगावं लागत नाही. यादवी संपल्यावर भाव कोसळले, हेही गुरुजी सांगत. लांबच्या देशातलं भांडण मिटलं की आपल्या घरात का रडारड होते, हा प्रश्न वऱ्हाडात जुना झालेला नाही.

एका बाबतीत माझं त्यांच्याशी कधीच पटलं नाही. तपासणीला एक साहेब आले आणि त्यांनी तालुके विचारले. पोरांना दहा आले, चार सुटले. शेरा बसला. गुरुजींना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. धारणी, चिखलदरा, वरुड, मोर्शी ही नावं येत नसतील तर उद्या हीच पोरं जिल्हा परिषदेत, तहसिलीत, दवाखान्यात अडतील. कागदावरचं जग त्यांना दिसत नाही म्हणून ते त्यांच्यावर राज्य करायचं सोडत नाही. मी चौदा तालुके चालीवर म्हणून घेते, आजही. गुरुजींना ते कळलं तेव्हा म्हणाले, “मना. पन चिखलदरा मनताना हात उत्तरेले करा.” आमची पोरं आता हातवारे करत तालुके म्हणतात, बघणाऱ्याला कवायत वाटते.

निवृत्तीच्या आधी गुरुजींनी मला हिंगणघाटची गोष्ट सांगितली. विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी, १० एप्रिल १८०२ ला मद्रासला सेंट थॉमस माउंटजवळ त्यानं पोलादी साखळीनं पहिली आधाररेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास, कन्याकुमारीकडून उत्तरेला पृथ्वीची वक्रता मोजत निघाला. अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यावरून डोंगरावर चढवायचं. वीस वर्षं झाली, सत्तरीला टेकला, आणि २० जानेवारी १८२३ ला नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. काम त्याचा मदतनीस एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. शिखराला त्याचं नाव बऱ्याच नंतर मिळालं. “आपल्याच रेखावृत्तावरून गेले हे लोक,” गुरुजी म्हणाले. “आपल्या वऱ्हाडातून. आन् आपन एव्हरेस्ट हिमालयात शिकवतो.” यातलं राजकारण त्यांना कळत नव्हतं असं नाही, मोजलेल्या जमिनीवरच सारा बसतो हे त्यांच्या आजोबांनी भोगलेलं. तरी साखळीच्या तपशिलावर त्यांचा जीव होता. उन्हानं पोलाद लांबतं म्हणून लॅम्बटन साखळी तंबूच्या सावलीत, लाकडी पेट्यांवर ठेवून मोजायचा आणि दर वेळी तापमान लिहायचा.

निरोपाच्या दिवशी सत्कार झाला, शाल-नारळ झालं, भाषणं झाली. सगळे पांगल्यावर त्यांनी तो गाठींचा दोर माझ्या टेबलावर ठेवला. मी तो वापरला, पुष्कळ वापरला. पावसात भिजला, वाळला, परत भिजला. मग एका जूनमध्ये पोरांनी गुंठा आखला आणि फुटपट्टीनं ताडून पाहिला तर दोर ३३ फुटांना चांगलाच कमी. सूत भिजलं की आखडतं. मी अमरावतीच्या इतवारा बाजारातून नायलॉनचा दोर आणला, गाठींऐवजी रंगाच्या खुणा केल्या आणि मोठ्या उत्साहानं फोन करून गुरुजींना सांगितलं.

पलीकडे बराच वेळ अळीचा विषय चालला. मग म्हणाले, “नायलॉन ताणलं का लांबते. पोरं ताणतीनच. मे महिन्यात एक डाव मोजा, डिसेंबरात एक डाव, आन् दोन्ही आकडे पोरायच्या हातानं फळ्यावर लिहून ठेवा.”

लिहिले आहेत. ते भांडण अजून चालू आहे.